कोपऱ्यातले तीन बाण

माझा मामा एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होता. एवढ्या वर्षांत त्याच्या घरी येऊन बसलेल्या माणसांची मोजदाद करायची तर एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातलं एक बोट मी. आई म्हणायची, "याला घरात ठेवला काय आणि कपाटात ठेवला काय, सारखंच." ती त्याची थोरली बहीण, तिला तसं बोलायचा हक्क होता. मला नव्हता, तरी मी त्याहून वाईट बोलत आले.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर फळा. लोक भिंतीवर फोटो लावतात, यानं फळा लावला. लग्नाचं कुणी काढलं की "बघू" म्हणायचा, आणि बघता बघता डोक्यावरचे केस गेले. आजी होती तोवर तिचं औषधपाणी करण्यात वेळ जायचा. ती गेल्यावर तो वेळ तसाच उरला, आणि त्याचं काय करायचं हे त्याला आजतागायत कळलेलं नाही.

मी शाळेचे गणवेश शिवते. गुरुवारी दुकान बंद असतं, तेव्हा काज-बटणाचं काम पिशवीत भरून मी मामाकडे जाते. तो वाचत बसतो, मी सुई चालवत बसते. दोन-दोन तास एक शब्द निघत नाही. नवख्या माणसाला वाटेल आमचं भांडण झालंय.

त्याचा खास विषय ग्रुप थिअरी. रसायनशास्त्रातली मुलंसुद्धा या विषयाला टरकून असतात असं ऐकलंय. एकदा मी सहज विचारलं, "मामा, तू नक्की शिकवतोस तरी काय?" विचारलं आणि फसले. त्यानं माझ्या मांडीवरचा अर्धवट शिवलेला सदरा उचलला आणि फळ्याच्या खिळ्याला लटकवला.

"याच्या मधोमध आरसा उभा केला असं समज," तो म्हणाला. "डावी बाजू उजवीवर जाईल, उजवी डावीवर. सदरा होता तसाच दिसेल. खिसा सोड."

"खिसा सोडायला आम्हाला जमत नाही, शाळा परत पाठवते."

"बरं. आता मला एकट्या डाव्या बाहीबद्दल सांग. आरशात ती कशी दिसते?"

"उजवी होते."

"म्हणजे एकटी बाही हिशोबात धरताच येत नाही. तिचं स्वतःचं असं वागणंच नाही. दोघींना मिळून धरायचं. दोन्ही वर," असं म्हणून त्यानं सदऱ्याच्या दोन्ही बाह्या धरून वर केल्या, "आरशात फरक नाही. आता एक वर, एक खाली. आरशात काय झालं? बरोबर उलटं. झाले दोन प्रकार. तिसरा नाही."

पाण्याच्या रेणूचंही असंच असतं म्हणे. मध्ये ऑक्सिजन, दोन्हीकडे दोन हायड्रोजन, त्याच दोन बाह्या. इलेक्ट्रॉन जिथं वावरतात त्या जागांना ऑर्बिटल म्हणतात. रेणू अर्धा फिरवायचा, आरशात धरायचा आणि प्रत्येक ऑर्बिटल तसंच राहतं की उलटं होतं ते लिहून काढायचं. वागण्याच्या प्रत्येक प्रकाराला ए-वन, बी-वन, बी-टू अशी नावं. ज्यांचं वागणं तंतोतंत सारखं, त्यांचंच एकमेकांशी जमतं आणि त्यांतून अख्ख्या रेणूची ऑर्बिटल तयार होतात. वागणं वेगळं असेल तर कितीही जवळ बसवा, जमत नाही. ऑक्सिजनचं एक ऑर्बिटल असं असतं की हायड्रोजनच्या जोडीत त्याच्यासारखं वागणारं कुणीच नाही. ते आपलं एकटं राहतं.

"म्हणजे तू," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्यानं सदरा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि खडूचे हात पुसले. जीभ चावावी असं मला वाटलं, पण तोवर बोलून झालं होतं.

त्याच्याकडे यायचा तो फक्त शंकासुर. हे नाव मामानं ठेवलेलं. मामाचाच विद्यार्थी, शेवटच्या वर्षाला होता. वर्गात दर पाच मिनिटांनी हात वर करायचा, मामानं कंटाळून त्याला सांगितलं, "अरे शंकासुरा, तू रविवारी घरी ये, बाकीच्यांना जगू दे." तो खरंच आला. आणि मग दर रविवारी येऊ लागला. सकाळी नऊला यायचा, दुपारी जेवायच्या वेळेला मामा त्याला अक्षरशः हाकलायचा. त्या वर्षी मी अधूनमधून रविवारीही जायचे, आजी नुकतीच गेली होती म्हणून. दार उघडायच्या आधीच जिन्यात आवाज यायचा. मामाचा आवाज, जिन्यापर्यंत! मी दोनदा मजला चुकले की काय म्हणून खाली जाऊन पाहिलं.

त्या दोघांचं भांडण ऐकण्यासारखं असायचं. एका रविवारचं मला चांगलं आठवतंय, कारण त्यात मलाही ओढलं होतं. रेणूची आकृती काढताना एक्स, वाय, झेड असे तीन अक्ष धरावे लागतात. झेड उभा, त्यावर वाद नाही. पण रेणू सपाट असतो, तो वाय-झेडच्या प्रतलात धरायचा की एक्स-झेडच्या? मामा कायम वाय-झेड धरायचा, फळाच त्याचं वाय-झेड प्रतल.

"पण सर, एक्स-झेड धरलं तर?" शंकासुर म्हणाला. "तुम्ही ज्याला बी-वन म्हणता ते बी-टू होतं आणि बी-टूचं बी-वन. चुकलं का?"

"काही चुकलं नाही. दोन नावांची अदलाबदल झाली, रेणूला त्याचं काय? त्याला अक्ष माहीतच नसतात. अक्ष आपण धरतो. तुला हवे तसे धर, फक्त कोपऱ्यात तीन बाण काढून दाखव, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल." मग माझ्याकडे वळून, "ही बघ, ही कापड टेबलावर उभं घालते की आडवं, सदरा तोच होतो."

"होत नाही," मी म्हटलं. "कापडाला उभा धागा आडवा धागा असतो. आडवं कापलं तर पहिल्या धुण्यात झोळणा होतो."

शंकासुर इतका हसला की त्याचा चष्मा टेबलाखाली पडला. मामाही हसला. "रेणूला धागा नसतो," तो म्हणाला, "नशीब आमचं."

शंकासुराची एक सवय होती. ऑर्बिटलचे फुगे काढताना लोक एक फुगा मोकळा ठेवतात आणि एकात रेघा मारतात. हा टिंबं द्यायचा. बारीक, एकसारखी, शेकडो. मामा म्हणायचा, "परीक्षेत वेळ पुरणार नाही." तो म्हणायचा, "पुरतो सर." असे ते दोघे. मुलगा नसलेल्या माणसाला मुलगा मिळाला होता, उगाच आडवळणानं कशाला सांगू.

मग परीक्षा झाली, निकाल लागला, आणि शंकासुर यायचा बंद झाला.

पहिल्या रविवारी मामानं साडेदहापर्यंत वाट पाहिली. "गावाला गेला असेल," म्हणाला. दुसऱ्या रविवारी काही बोलला नाही. तिसऱ्या रविवारी मी गेले तर टेबल आवरून ठेवलेलं, फळा ओल्या फडक्यानं पुसून लख्ख. शंकासुराचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला आणि त्यापायी संशोधनाची जागा गेली, एवढं कॉलेजात कळलं होतं. मामा म्हणाला, "वाईट वाटलं असेल त्याला. येईल." मी मात्र तोंडाला येईल ते बोलले. काम झालं आणि मास्तर गेला उडत, असली असतात ही मुलं, कृतघ्न मेला. मामा एकदाच म्हणाला, "तसं म्हणू नकोस." पण मी म्हणत राहिले. वर्षातून दोनदा तरी त्याचा विषय काढून त्याला शिव्या घालायचे. मला वाटायचं, मामाच्या वतीनं कुणीतरी रागवायला हवं, त्याला स्वतःला काही जमत नाही.

अशी एकोणीस वर्षं गेली. मामा निवृत्त झाला. हार घातला, घड्याळ दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कुणी विचारेना. त्याच्या जागी एक तरुण बाई आल्या. चांगल्या आहेत, अडलं की घरी येऊन विचारतात. अशाच त्या गेल्या वर्षी एका गुरुवारी आल्या. मी कोपऱ्यात कॉलर उलटवत बसले होते.

"सर, एक लहानशी अडचण आहे," बाई म्हणाल्या. "तुमची जुनी आदर्श उत्तरं मी तपासायला वापरते. पाण्याच्या रेणूच्या प्रश्नात तुम्ही एकच प्रतल धरलं आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं दुसरं धरलं. तिची सगळी नावं उलटी आली. मार्क द्यायचे ना?"

"अर्थात द्यायचे!" मामा म्हणाला. किती दिवसांनी त्याचा आवाज चढला होता. "अक्ष काय आभाळातून पडतात? कोपऱ्यात बाण काढलेत ना तिनं?"

"काढलेत."

"मग? पूर्ण मार्क. तपासणाऱ्यानं आधी कोपरा बघायचा असतो, आधी..."

आणि तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. बाई थोडा वेळ बसल्या, मग चुळबुळत निघून गेल्या. मामानं चहाला हात लावला नाही. मी विचारलं, बरं वाटत नाही का, तर मानेनंच नाही म्हणाला. मी निघाले तेव्हाही तो त्याच खुर्चीत, त्याच बाजूला तोंड करून बसला होता. पुढच्या गुरुवारी तसंच. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यानं आपणहून सांगितलं.

एकोणीस वर्षांपूर्वी शेवटच्या परीक्षेचे पेपर तपासायला मामाही होता. पेपरवर नाव नसतं, नुसता नंबर. एका मोठ्या हॉलमध्ये लांब टेबलांवर बसून सगळे तपासतात. गठ्ठ्यात एक पेपर आला, त्यात ऑर्बिटलना टिंबं दिलेली होती. बारीक, एकसारखी, शेकडो.

"मी पहिल्याच पानावर ओळखला," मामा म्हणाला. "नियम असा आहे की आपल्या विद्यार्थ्याचं अक्षर ओळखू आलं की गठ्ठा परत द्यायचा, दुसरा कुणीतरी तपासतो. मी दिला नाही. मला वाटलं, मी निःपक्षपातीपणे तपासू शकतो. माझा तेवढा अहंकार होता. मनाशी म्हटलं, याला झुकतं माप जाता कामा नये. परक्या मुलाचा असता तर मी विचार केला असता, यानं असं का लिहिलं असेल म्हणून. याचा म्हणून केला नाही. आदर्श उत्तर शेजारी ठेवलं आणि शब्दाला शब्द ताडून पाहिला. बी-वनच्या जागी बी-टू. लाल पेन्सिलीनं 'प्रतल चुकलं' असं लिहिलं. चौदा मार्क कापले."

"आणि बाण?"

"होते ना. कोपऱ्यात तीन बाण होते. मी ते पाहिले होते गं. पाहिले आणि वाचले नाहीत." मग म्हणाला, "तसं धरायला त्याला मीच सांगितलं होतं. याच टेबलावर."

माझ्या हातात सुई तशीच राहिली. मुलाचा पहिला वर्ग कितीनं हुकला होता हे मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. नऊ मार्कांनी.

मला मामाचा राग आला. मग माझा स्वतःचा आला, एकोणीस वर्षं शिव्या घालत होते म्हणून. राग आला की मला काहीतरी करावं लागतं. "ऊठ," मी म्हटलं, "त्याला शोधू या. जाऊन माफी माग."

"काय तोंडानं?"

"आहे त्या तोंडानं. दुसरं कुठून आणणार?"

शोधायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. इतकी वर्षं तो याच शहरात, दोन बस बदलून जाण्याच्या अंतरावर होता. नव्या बाईंनी जुन्या रजिस्टरमधून पत्ता काढून दिला. त्याच्या वडिलांचं रंगाचं दुकान होतं, तेच तो आता चालवत होता.

गुरुवारी सकाळी निघालो. मामानं इस्त्रीचा सदरा घातला होता, मीच शिवलेला. बसमध्ये ओठ हलत होते, काय बोलायचं ते पाठ करत होता. दुसऱ्या बसमध्ये मला म्हणाला, "त्यानं हाकलून दिलं तर तू मध्ये बोलू नकोस." मी म्हटलं, "नाही बोलणार." दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

दुकान लांबट, आत अंधारत गेलेलं. दोन्ही भिंतींना वरपर्यंत डबे, काउंटरवर रंगांच्या पट्ट्या, आणि कोपऱ्यात डबा घुसळणारं एक यंत्र धडधडत होतं. एक गिऱ्हाईक हातात भिंतीचा खरवडलेला टवका घेऊन उभं होतं, त्याला तसाच निळा हवा होता. काउंटरमागे चाळिशीचा, जाड झालेला, कपाळावर चष्मा चढवलेला माणूस टवका उजेडात धरून बघत होता. मी ओळखलंच नाही. मामानं दारातूनच ओळखलं असावं, कारण तो पायरीवरच थांबला.

त्या माणसानं वर पाहिलं. टवका हातातून पडला.

"सर!" तो म्हणाला. मग काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आला, हात पँटला पुसले, तरी निळेच राहिले. "सर, तुम्ही? या ना, बसा, बसा. अहो, तो स्टूल द्या इकडे." शेवटचं वाक्य दुकानातल्या म्हाताऱ्या कामगाराला. मला बघून म्हणाला, "ताई, तुम्ही त्या धागावाल्या ना?" आणि हसला. ते हसणं तेच होतं. मला रडू येतंय की काय असं झालं.

मामा बसला. शंकासुर त्याच्यासमोर एका उपड्या डब्यावर बसला. चहा मागवला. वडील कधी गेले, दुकान कसं आहे, सगळं भराभर सांगितलं. कोणत्या रंगात कोणता धातू असतो आणि तो तसाच का दिसतो, हे कामगाराला समजावत असतो म्हणे, आणि कामगार रोज नव्यानं विसरतो. कामगार म्हणाला, "मला पगारात ते येत नाही." सगळे हसले.

"तो फळा आहे का अजून, सर?"

"आहे."

"माझी मुलगी अकरावीला आहे. माझ्यासारखीच, हात खाली ठेवत नाही. शाळेतले कंटाळलेत." तो जरा घुटमळला. "रविवारी घेऊन येऊ तिला? मीही येईन. दुकान दुपारी उघडलं तरी चालतं."

मामाच्या चेहऱ्याकडे मी बघितलं. खोटं कशाला बोलू, तसा चेहरा मी आजी असतानाही पाहिला नव्हता. मला वाटलं, झालं, आता काही बोलू नकोस, हो म्हण आणि ऊठ.

पण तो पाठ करून आला होता. त्यानं कप खाली ठेवला. "थांब," म्हणाला. "त्याआधी मला काही सांगायचंय. तुझा तो शेवटचा पेपर मी तपासला होता. पाण्याचा प्रश्न. तुझं बरोबर होतं. मी चौदा मार्क कापले. चूक माझी होती."

शंकासुरानं बोटावरचा निळा रंग नखानं खरवडला.

"माहीत आहे, सर," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"अर्ज केला की पेपर बघायला मिळायचा ना. मी बघितला. तुमची लाल पेन्सिल, तुमचं अक्षर. ओळखणार नाही का?"

"मग फेरतपासणी का नाही मागितलीस? सगळेच्या सगळे मिळाले असते!"

"परीक्षकावर नोटीस निघते, सर. तुमचं नाव गेलं असतं. आजी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, तुमची काय अवस्था होती ते मी दर रविवारी बघत होतो. दीडशे पेपर तपासायचे, एखाद्यात होतं." तो सहज बोलत होता, कधीचं पचवून ठेवलेलं बोलावं तसं. "घरी यायचं मात्र धाडस झालं नाही. आलो असतो तर तोंडातून निघालं असतं, माझ्या पोटात काही राहत नाही. मग तुम्ही मनाला लावून घेतलं असतं. म्हटलं, न गेलेलं बरं. कृतघ्न म्हणतील, म्हणू देत."

मी खाली बघितलं. कुठं बघावं ते कळेना.

मामाचे डोळे भरले होते. शंकासुरानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, निळा हात, इस्त्रीच्या पँटवर. "सर, ते गेलं. खरंच गेलं. बायकोला, वडिलांना, सगळ्यांना मी हेच सांगत आलो. सरांना कळलं नव्हतं. नंबरच असतो वर, त्यांना काय माहीत कुणाचा पेपर आहे. कळलं असतं तर सरांनी तो कोपरा बघितला असता." तो हसला. "कळलं नव्हतं ना तुम्हाला?"

हा काही प्रश्न नव्हता. लोक 'बरं आहे ना' विचारतात तसं त्यानं विचारलं. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, नाही म्हण मामा, नाही म्हण, आयुष्यात एकदा खोटं बोल. यंत्र धडधडत होतं.

"कळलं होतं," मामा म्हणाला.

शंकासुराला नीट ऐकू आलं नसावं. तो अजून हसतच होता.

"पहिल्याच पानावर कळलं होतं," मामा म्हणाला. "तुझी टिंबं. तुझा म्हणूनच मी तो परक्यासारखा तपासला. परक्याचा असता तर कोपरा बघितला असता."

शंकासुरानं हात काढून घेतला. रागानं नाही, हळूच, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून काढावा तसा. गुडघ्यावर निळी बोटं उमटली होती. तो उठला, यंत्र बंद केलं. इतकी शांतता झाली की रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू आली. त्यानं डबा काढला, झाकण उचकटलं, काडीनं रंग ढवळला आणि पडलेला टवका शोधून त्याच्याशी ताडून बघू लागला. गिऱ्हाईक म्हणालं, "जमतोय." तो म्हणाला, "नाही जमत. थोडा काळा पाहिजे."

आम्ही उठलो. रविवारचं कुणी काही बोललं नाही. दारापर्यंत तो आला मात्र. "जपून, सर," म्हणाला, "पायरी आहे."

बस थांब्यावर बाक मोकळा होता, तरी मामा उभाच राहिला. मला बोलल्याशिवाय राहवेना. "कशाला बोललास? एक शब्द फक्त. नाही म्हटलं असतंस तर तो रविवारी आला असता!"

"आला असता," मामा म्हणाला.

"मुलीला घेऊन आला असता!"

"हो."

"मग?"

त्यानं पँटवरचा डाग एकदा पाहिला, पुसला नाही.

"माझ्याकडे नसता आला गं," तो म्हणाला. "ज्याला कळलं नव्हतं, त्याच्याकडे आला असता. तो माणूस त्या घरात राहत नाही."